‘स्मृतिचित्रे’तील टिळक आणि त्यांचे वाचक

१

रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांचे जीवन ज्या ग्रंथांतून प्रामुख्याने वाचकांपर्यंत पोहोचले, असे दोन ग्रंथ आहेत. जे. सी. विन्स्लो यांनी इंग्रजीत लिहिलेले टिळकांचे चरित्र १९२३ साली कलकत्त्याहून प्रसिद्ध झाले. आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रकाशित झाली. पहिला ग्रंथ चरित्र म्हणून लिहिला गेला आणि चरित्र म्हणूनच वाचला गेला. दुसऱ्याचे तसे नाही. टिळकांच्या चरित्रासाठी आठवणी लिहून काढाव्यात या निमित्ताने लक्ष्मीबाईंचे लेखन सुरू झाले. पण लिहिता लिहिता ते चरित्राच्या कक्षेबाहेर गेले आणि मराठी समीक्षेने त्याला आत्मचरित्र म्हणून मान्यता दिली. तथापि या आत्मचरित्राच्या केंद्राशी एक ख्रिस्ती मिशनरी आहे, आणि तो ब्राह्मण घरातून आलेला, मराठी कवी म्हणून मान्यता पावलेला मिशनरी आहे, ही वस्तुस्थिती उरतेच. लक्ष्मीबाई आपल्या पतीचा उल्लेख सातत्याने ‘टिळक’ असा करतात. पतीचे नाव न घेणाऱ्या त्या काळातील स्त्रीने आडनावाने केलेला हा उल्लेख एकाच वेळी जवळिकीचा आणि चरित्रकाराच्या अंतराचा आहे.

या ग्रंथाच्या थोरवीविषयी मराठीत मतभेद नाहीत. मतभेद आहेत ते या ग्रंथातील टिळकांविषयी. कोणाला ते ईश्वरशोधार्थ घर सोडणारे भक्त वाटतात, कोणाला संसाराची धूळधाण करणारे लहरी गृहस्थ, तर कोणाला केवळ एका विलक्षण स्त्रीच्या कथेतील निमित्तकारण. सकृद्दर्शनी हा एका व्यक्तीच्या मूल्यमापनातील मतभेद भासतो. प्रत्यक्षात मात्र हे वाचक एकाच ग्रंथाविषयी बोलत नसतात. प्रत्येकाने ग्रंथाचा निराळा भाग ‘मूळ ग्रंथ’ म्हणून स्वीकारलेला असतो आणि उरलेला भाग तपशील म्हणून बाजूस सारलेला असतो. एका धर्मांतरित मिशनऱ्याची जीवनकथा वाचताना हे का घडते, आणि त्यात ग्रंथाचे काय हरवते, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकांनी आणि अध्यापकांनी विचारात घेण्याजोगा आहे.

२

मिशनऱ्याच्या चरित्राला एक परंपरागत घाट असतो. पूर्वायुष्यातील अस्वस्थता, एखादी निर्णायक भेट, ग्रंथवाचन, अंतःकरणातील संघर्ष, बाप्तिस्मा, छळ, सेवाकार्य आणि शांत मृत्यू अशा क्रमाने ते पुढे सरकते. या घाटात धर्मांतर हा मध्यबिंदू असतो आणि त्याआधीचे सारे त्याची पूर्वतयारी ठरते. टिळकांच्या जीवनात या घाटाला अनुकूल असे बरेच काही होते. आगगाडीच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना बायबलची प्रत दिली आणि आपण दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले, हा प्रसंग टिळकांच्या बहुतेक चरित्रपर लेखनात येतो. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १९०४ साली त्यांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १९१७ साली अमेरिकन मराठी मिशनशी असलेला सेवासंबंध सोडून त्यांनी संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ ही, बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र आणू पाहणारी, बंधुसंस्था उभारली.

विन्स्लो यांना जे टिळक हवे होते ते या अखेरच्या पर्वातील. विन्स्लो स्वतः मिशनरी म्हणून अहमदनगर भागात वावरलेले. १९२२ साली त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ स्थापिला. ख्रिस्ती उपासनेला भारतीय भक्तीचा साज चढावा या त्यांच्या आकांक्षेला टिळकांच्या जीवनात मोठा आधार सापडला. आपण तुकारामांच्या सेतूवरून ख्रिस्तापर्यंत आलो ही टिळकांची भूमिका त्यामुळे ख्रिस्ती अभ्यासकांच्या लेखनात वारंवार येत राहिली. एच. एल. रिचर्ड यांचा १९९१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यासही टिळकांकडे मुख्यतः याच दृष्टीने, हिंदू समाजातील ख्रिस्ती कार्याचा एक आदर्श म्हणून, पाहतो.

हे वाचन निराधार नाही. परंतु त्याला ‘स्मृतिचित्रे’ हा ग्रंथ अडचणीचा ठरतो. या ग्रंथातील टिळक शीघ्रकोपी आहेत, पैशाच्या बाबतीत बेफिकीर आहेत, न सांगता घरातून निघून जाणारे आहेत आणि तितक्याच उत्कटतेने पश्चात्ताप पावणारे आहेत. मुख्य म्हणजे बाप्तिस्म्यानंतर हा स्वभाव नाहीसा होत नाही. धर्मांतराआधी रागावणारे टिळक धर्मांतरानंतरही रागावतात. आधी हातचे देऊन टाकणारे नंतरही देऊन टाकतात. मिशनरी-चरित्राच्या घाटाला अपेक्षित असलेला ‘जुना माणूस’ आणि ‘नवा माणूस’ यांतील स्वच्छ छेद लक्ष्मीबाईंच्या लेखनात सापडत नाही. ज्याला टिळकांमध्ये संत पाहावयाचा आहे, अशा वाचकापुढे मग एक सोयीचा मार्ग उरतो. ‘स्मृतिचित्रे’तील हशा हा पत्नीच्या खेळकर स्वभावाचा भाग मानावा आणि टिळकांचे ‘खरे’ चरित्र अन्यत्र, त्यांच्या अभंगांत व कार्यात, शोधावे. ग्रंथाची पहिली कपात अशी होते.

३

दुसरी कपात मराठी साहित्यव्यवहाराने केली. ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली तेव्हा तिचा वाचक प्रायः हिंदू, पांढरपेशा आणि बहुशः ब्राह्मण होता. टिळकांच्या धर्मांतराने दुखावलेल्या समाजाचाच तो वारसदार होता. तरीही त्याने हा ग्रंथ मनापासून स्वीकारला, ही मराठी वाचकाच्या रसिकतेची खूण म्हणावी लागेल. मात्र हा स्वीकार काही अटींवर झाला. निर्मळ विनोद, बोलीचा सहज डौल, औपचारिक शिक्षण नसलेल्या लेखिकेची चित्रमय निवेदनशैली, जुन्या नाशिककडील घरांचे जिवंत दर्शन, हे गुण पुनःपुन्हा सांगितले गेले. या गुणांविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु या स्तुतीत धर्माचा प्रश्न जणू शिष्टाचार म्हणून वगळला जातो. टिळकांचे धर्मांतर हे लक्ष्मीबाईंवर कोसळलेले संकट म्हणून वाचले जाते, आणि लक्ष्मीबाईंचे स्वतःचे धर्मांतर पतिनिष्ठेचा परिपाक म्हणून. अशा रीतीने ग्रंथ ‘आपला’ राहतो आणि त्यातील ख्रिस्त परका राहतो.

या अटीचे परिणाम वाङ्मयेतिहासातही उमटलेले दिसतात. टिळक ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून, बालकवींचे आश्रयदाते म्हणून आणि देशभक्तिपर कवितेचे कर्ते म्हणून आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात आहेत. ‘अभंगांजली’चे टिळक मात्र प्रामुख्याने चर्चमधील उपासनेत आणि ‘ख्रिस्ती मराठी साहित्य’ या स्वतंत्र प्रकरणात आहेत. एकाच कवीचे दोन संसार अशा रीतीने वेगळे मांडले गेले. ‘स्मृतिचित्रे’ला मुख्य दालनात जागा मिळाली ती तिच्या ख्रिस्तीपणाकडे काणाडोळा करूनच, असे म्हटल्यास ते कठोर वाटेल; पण पूर्णतः चुकीचे ठरणार नाही. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र त्याच्या ऐतिहासिक महत्त्वासाठी नोंदले जाते, परंतु सर्वसामान्य वाचकाच्या जिव्हाळ्याचे होत नाही. त्याचे एक कारण भाषेत व घाटात असेल; दुसरे हेही असावे की ‘अरुणोदय’मधून श्रद्धा वगळून वाचण्याची सोयच नाही.

४

१९७५ नंतरच्या स्त्रीवादी जाणिवेने या वाचनाला हादरा दिला आणि ते आवश्यकही होते. सूझी थारू व के. ललिता यांनी संपादिलेल्या भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या इंग्रजी संकलनात (पहिला खंड, १९९१) लक्ष्मीबाईंचा समावेश झाल्यावर ‘स्मृतिचित्रे’ निराळ्या संदर्भात उभी राहिली. अकराव्या वर्षी विवाह, सासरची हलाखी, नवऱ्याच्या लहरीनुसार बदलणारी बिऱ्हाडे, लहान मुलगा पदरात असताना आलेली धर्मांतराची वार्ता आणि त्यानंतरचा विरह, हे सारे आता केवळ ‘गमतीदार’ राहिले नाही. ज्या प्रसंगांवर आधीचा वाचक हसत होता त्या प्रसंगांची किंमत कोणी चुकवली, हा प्रश्न विचारला गेला. विनोद हे सहन करण्याचे आणि त्याच वेळी न्यायनिवाडा करण्याचेही साधन असू शकते, ही महत्त्वाची जाण या वाचनाने दिली.

भाषांतरांच्या शीर्षकांतून या वाचनांचा प्रवास स्पष्ट दिसतो. ई. जोसेफिन इंकस्टर यांचे इंग्रजी भाषांतर १९५० साली ‘आय फॉलो आफ्टर’ या नावाने आले. सामान्य वाचकाला या शब्दांत पतीच्या पावलावर पाऊल टाकणारी स्त्री दिसेल. पण बायबलचे जुने इंग्रजी भाषांतर परिचित असणाऱ्याला त्यात पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील आध्यात्मिक ध्यासाचा शब्दप्रयोग ऐकू येईल. १९५६ साली याच आठवणींची ‘फ्रॉम ब्रह्मा टु क्राइस्ट’ या नावाची छोटी इंग्रजी आवृत्ती निघाली. तिच्या उपशीर्षकात आधी टिळक येतात आणि मग ‘त्यांची पत्नी’ लक्ष्मीबाई. २०१७ साली शांता गोखले यांचे भाषांतर आले तेव्हा मूळ मराठी नाव कायम राहिले आणि जोडीला एका तेजस्वी, बाणेदार पत्नीच्या आठवणी अशा अर्थाचे उपशीर्षक आले. अनुगामिनी, धर्मांतरिता आणि स्वतंत्र बाण्याची स्त्री अशी एकाच लेखिकेची तीन रूपे या तीन मुखपृष्ठांवर उभी आहेत.

तिसऱ्या रूपाकडे झालेली वाटचाल स्वागतार्ह असली, तरी स्त्रीवादी वाचनानेही एक कपात केली आहे. टिळकांना केवळ अन्यायी पती ठरवताना काही गोष्टी नजरेआड होतात. १८६६ च्या कायद्यानुसार, धर्मांतरामुळे जोडीदाराने सोडलेल्या ख्रिस्ती व्यक्तीस न्यायालयात दाद मागून अखेरीस विवाह मोडून घेता येत असे. टिळकांनी तो मार्ग धरला नाही. ते वाट पाहत राहिले. लक्ष्मीबाई परत आल्या त्याही ख्रिस्ती होऊन नव्हे, तर प्रथम आपला आचार वेगळा राखून. आणि त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली, म्हणजे पतीनंतर पाच वर्षांनी झाला. हा विलंब शरणागतीचा नव्हे, निर्णयाचा आहे. लक्ष्मीबाईंचे ख्रिस्ती होणे हे दडपणाचे फलित मानले, तर त्यांना कर्तृत्व बहाल करू पाहणारे वाचन नेमक्या त्यांच्या सर्वांत मोठ्या निर्णयातील कर्तृत्व काढून घेते.

५

१९५६ हे वर्ष या चर्चेत आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नागपुरात ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या कार्याची चौकशी करणाऱ्या नियोगी समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला. आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, १४ ऑक्टोबर रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. एकीकडे धर्मांतर हा शासकीय चौकशीचा विषय झाला, दुसरीकडे तो मुक्तीचा मार्ग म्हणून घोषित झाला. यानंतर ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला धर्मांतर ही एका कुटुंबाची खाजगी शोकांतिका म्हणून वाचणे कठीण व्हावयास हवे होते.

येथे एक अवघड प्रश्न उपस्थित होतो. नगर जिल्ह्यातील ख्रिस्ती समाज हा मुख्यतः महार व मांग समाजांतून आलेला. टिळक ज्या मंडळीचे उपदेशक झाले ती मंडळी या लोकांची होती. ब्राह्मण कवीचे धर्मांतर हा आत्म्याचा शोध आणि महार-मांगांचे धर्मांतर हा मात्र पोटाचा प्रश्न, अशी वाटणी सुशिक्षित मराठी मनाने दीर्घकाळ केली. टिळकांची व्यथा समजून घेणारा आणि त्यांच्या कवितेवर प्रेम करणारा वाचकही राहुरीच्या वा नगरच्या सामान्य ख्रिस्ती कुटुंबाच्या धर्मांतराकडे संशयाने पाहत आला. टिळकांविषयीची ही सहानुभूती त्यांच्या जातीला होती की त्यांच्या शोधाला, असे दलित वाचकाने विचारले, तर त्या प्रश्नाला टाळता येणार नाही. या प्रश्नाचे उत्तर वाचकांनी दिलेले नसले, तरी ग्रंथाने दिले आहे.

६

‘स्मृतिचित्रे’चा प्रारंभ सोवळ्यापासून होतो. लक्ष्मीबाईंच्या मातामहांना १८५७ च्या उठावाच्या प्रकरणात फाशी झाली. त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याचे जे वेड लागले, त्याची हकीकत पहिल्या काही पानांतच येते. घरात येणारी प्रत्येक वस्तू धुऊन घेणारे वडील आणि त्या धाकात वाढणारी मुले हे चित्र मराठी वाचकाने विनोदाचा उत्कृष्ट नमुना म्हणून डोक्यावर घेतले. तसे ते आहेच. पण त्याची योजना केवळ हसवण्यापुरती नाही.

या सोवळ्याची छाया घेऊनच लक्ष्मीबाई सासरी जातात, हेच सोवळे टिळकांच्या धर्मांतरानंतर नवरा-बायकोत भिंत म्हणून उभे राहते, आणि पुन्हा एकत्र राहू लागल्यावर हेच चुलीच्या व पाण्याच्या रूपाने घरात शिरते. ग्रंथाच्या मध्यावर लक्ष्मीबाई एका निष्कर्षाला पोहोचतात. जातिभेद ईश्वराने केलेला नाही, तो माणसाने केलेला आहे. हा निष्कर्ष त्यांना कोणी उपदेश करून पटवलेला नाही. टिळकांच्या वक्तृत्वाचा किंवा मिशनच्या शिकवणीचा तो थेट परिणाम म्हणून येत नाही. तो त्यांच्या स्वतःच्या विचारातून येतो, आणि ख्रिस्ती धर्मस्वीकार त्याच्या मागून येतो. यानंतर कोणाच्याही हातचे खाण्याची त्यांची तयारी होते.

म्हणजेच ग्रंथाचा कणा एका मुलीच्या धुतल्या जाणाऱ्या जगापासून एका स्त्रीच्या मोकळ्या झालेल्या पंक्तीपर्यंत गेलेला आहे. या दृष्टीने पाहता टिळकांचा बाप्तिस्मा हा ग्रंथाचा मध्यबिंदू नाही. तो तर लक्ष्मीबाईंच्या पश्चात, दूर मुंबईत घडतो. वाचकाला आणि त्यांना तो वार्ता म्हणूनच कळतो. मिशनरी-चरित्राने ज्या घटनेला सिंहासनावर बसवले असते ती घटना येथे पडद्याआड ठेवली जाते, आणि स्वयंपाकघरातील एक निर्णय रंगमंचावर येतो. धर्मांतर म्हणजे केवळ देव बदलणे नव्हे, तर कोणाबरोबर जेवावे याचे उत्तर बदलणे होय, हे या मांडणीने सांगितले आहे. ब्राह्मणाचे धर्मांतर आणि महार-मांगांचे धर्मांतर यांतील भिंत जर कोठे पडत असेल, तर ती या पानांत पडते.

असे वाचले म्हणजे आधी उल्लेखिलेले वाचक परस्परांचे विरोधक राहत नाहीत. विनोद आणि श्रद्धा या ग्रंथात दोन वेगळ्या गोष्टी नाहीत. सोवळ्यावरचा हशा हाच श्रद्धेकडे जाणारा रस्ता आहे. पत्नीचे दुःख आणि पत्नीचे कर्तृत्व यांतही निवड करावी लागत नाही. आणि टिळक? ते संत ठरत नाहीत, खलनायकही ठरत नाहीत. ते एक असे गृहस्थ ठरतात की ज्यांना सत्य लवकर दिसले पण घर सांभाळता आले नाही, आणि ज्यांच्या पत्नीने तेच सत्य उशिरा, घर सांभाळत, आपल्या वाटेने गाठले. टिळकांना न्याय देणारे चरित्र त्यांच्या भक्तांनी नव्हे, तर त्यांच्यामुळे सर्वाधिक सोसलेल्या व्यक्तीने लिहिले, ही गोष्ट चरित्र या वाङ्मयप्रकाराचा अभ्यास करणाऱ्याने विसरू नये.

७

या मांडणीवर एक आक्षेप संभवतो. वर्गात धार्मिक आशयाची चर्चा सुरू केल्यास वाङ्मयाचा तास प्रवचनाचा वा वादाचा होईल; त्यापेक्षा शैली, व्यक्तिचित्रण व विनोद यांपुरते थांबणे श्रेयस्कर, असे अनेक अध्यापक प्रामाणिकपणे मानतात. संमिश्र वर्गापुढे उभे राहणाऱ्या अध्यापकाची ही चिंता समजण्यासारखी आहे. परंतु मराठीचे अध्यापक ‘ज्ञानेश्वरी’ शिकवतात, तुकारामांचे अभंग शिकवतात, महानुभावांचे ‘लीळाचरित्र’ शिकवतात. तेथे विठ्ठल वगळून तुकाराम शिकवावा असे कोणी म्हणत नाही, आणि तुकाराम शिकण्यासाठी विद्यार्थ्याने वारकरी व्हावे अशीही अपेक्षा नसते. श्रद्धा ही त्या कवितेची रचना घडवणारी शक्ती म्हणून समजावून घेतली जाते. हीच रीत ‘स्मृतिचित्रे’च्या बाबतीत का नसावी? ती नसण्यामागे वाङ्मयीन तत्त्व नाही. ख्रिस्ती श्रद्धा मराठीत पाहुणी आहे ही न बोललेली समजूत आहे.

त्या दृष्टीने काही गोष्टी करण्यासारख्या आहेत. अभ्यासक्रमात वेचा घ्यावयाचाच असेल, तर वडिलांच्या सोवळ्याच्या प्रकरणाबरोबर लक्ष्मीबाईंच्या जातिभेद-त्यागाचे प्रकरणही घ्यावे. एकाशिवाय दुसरे अपुरे राहते. विन्स्लो यांचे चरित्र आणि ‘स्मृतिचित्रे’ यांचा तुलनात्मक अभ्यास पीएच. डी.च्या विद्यार्थ्यांनी हाती घेण्याजोगा आहे. एकाच व्यक्तीविषयी मिशनरी चरित्रकार काय पाहतो आणि पत्नी काय पाहते, हे त्यातून उलगडेल. ‘अभंगांजली’ व टिळकांची फुलामुलांची कविता एकाच प्रश्नपत्रिकेत एकत्र आली पाहिजे. आणि लेखिकेच्या निधनानंतर तिच्या पुत्राने, देवदत्त टिळकांनी, पूर्ण केलेल्या शेवटच्या भागाकडेही अभ्यासकांचे लक्ष गेले पाहिजे. आईची कथा पुत्राच्या हाती गेल्यावर तिच्यात वडिलांचे स्थान बदलते काय, हा प्रश्न संहितेच्या आधारे तपासण्यासारखा आहे.

‘स्मृतिचित्रे’वर प्रेम करणारे वाचक मराठीत पुष्कळ आहेत. मात्र यांतील बहुतेकांनी ग्रंथाचा आपल्याला मानवेल तेवढाच भाग पानात वाढून घेतला आहे. ज्या लेखिकेने अखेरीस कोणाच्याही हातचे खाण्यापर्यंत मजल मारली, तिच्या ग्रंथाला वाचकाने सोवळ्यात वाचावे, हे विसंगत आहे. ती विसंगती दूर करण्याचे काम मराठीच्या वर्गातच सुरू होऊ शकते.